तेच अकरा लाख किती जणांना देणार, ताई?

प्रश्न (नाव-गाव न छापण्याच्या विनंतीसह, औसा तालुका, जि. लातूर)

दादा, नमस्कार. मी 43 वर्षांची. चार वर्षांपासून आमच्या भागातल्या शेतकरी उत्पादक कंपनीची अध्यक्ष आहे. 412 सभासद, छोटी डाळ मिल, क्लीनिंग-ग्रेडिंगची मशीन आणि एक गोदाम, एवढा पसारा. गेल्या वर्षात सभासदांची 4200 क्विंटल तूर घेऊन डाळ विकली. मार्चअखेर कर जाऊन 11 लाख शिल्लक दिसली. गावात पेढे वाटले आणि तिथून माझी झोप गेली.

येळवशीला, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या वेळ अमावास्येला, आमच्या शेतात बरेच सभासद जेवायला होते. तेव्हा क्विंटलमागे 200 रुपये बोनस देऊ, असं मी बोलून गेले. आता रोज कुणी ना कुणी विचारतं. बँकेचे साहेब सीसीची (कॅश क्रेडिट, धंद्याच्या खेळत्या कर्जाची) मर्यादा 40 लाखांवरून 60 लाख करायला तयार आहेत, पण शिल्लक सगळी कंपनीतच ठेवा म्हणतात. त्यांना मी हो म्हटलं. मिलवर नऊ बायका आणि चार हमाल आहेत. तीन वर्षांत मजुरी वाढली नाही, रोजाला 60 रुपये वाढवून मागतात. पोळा झाला की वाढवू म्हटलं. सप्ताहाच्या कमिटीला सभामंडपासाठी लाखभर हवेत, त्यांनाही नाही म्हणवलं नाही.

पुण्याचा एक मोठा व्यापारी डाळीला क्विंटलमागे 150 रुपये जास्त देतो, पण 60 दिवसांनी. त्याच्याकडे 19 लाख अडकलेत, सगळ्यात जुनं बिल चार महिन्यांचं आहे. त्यामुळे 37 सभासदांच्या तुरीचे मिळून 9 लाख एप्रिलपासून द्यायचे राहिलेत. खात्यात आज 1 लाख 80 हजार आहेत, सीसी पूर्ण उचललेली. आणि माझे चुलत सासरे संचालक आहेत. त्यांच्या मुलाची लातूरला अडत आहे. तुरीचा दर ठरवायच्या बैठकीत ते बसतात आणि सुगीत आमच्याच सभासदांचा माल त्यांच्या दुकानावर जातो. मी पडले सून. सप्टेंबरात वार्षिक सभा आहे. सगळ्यांना सांभाळायचं तरी कसं?

उत्तर

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा पेन घेऊन बसलो. तुम्ही ज्याला ज्याला शब्द दिला, त्याच्यापुढे रक्कम लिहिली. येळवशीचा बोनस, 4200 क्विंटलला 200 रुपये म्हणजे 8 लाख 40 हजार. बँकेला कबूल केलेले पूर्ण 11 लाख. मजुरीची वाढ, 13 माणसं, रोजाला 60 रुपये, मिल वर्षात 240 दिवस चालली असं धरलं तर 1 लाख 87 हजार. मंडपाचे 1 लाख. बेरीज 22 लाख 27 हजार होते. शिल्लक 11 लाख आहे.

सभासद, बँक, मजूर, गाव हे सगळे चार दिशांना ओढतात, असं तुम्हाला वाटतंय. मला पत्रात वेगळं दिसलं. यातल्या कुणाचीही मागणी अवाजवी नाही. अडचण अशी झाली की प्रत्येकाला तुम्ही वेगळ्या खोलीत भेटलात आणि तेच अकरा लाख प्रत्येकाला दाखवलेत. तुमच्या मनात खोट नव्हती. येळवशीचं जेवण झालेलं, कोपीपुढे माणसं बसलेली, भज्जी-उंडे आणि आंबील पोटात, अशा वेळी तोंडून चांगलंच निघतं. पण वर्षाची वही बंद व्हायला अजून तीन महिने होते. तुमची झोप तिथे गेली आहे. म्हणून पुढचं सगळं वाचताना एक गोष्ट धरून ठेवा: यापुढे सगळ्यांना एकच आकडा सांगायचा, आणि शक्यतो सगळ्यांसमोर.

आता तो आकडा कोणता, ते बघू. अकरा लाख ताळेबंदात आहेत, खात्यात नाहीत. मार्चला जे दिसले ते केव्हाच पुन्हा तुरीत गेले, तुरीची डाळ झाली आणि डाळ पुण्याला उधारीवर गेली. तेव्हा वाटपाचा विचार करण्याआधी पुण्याचा विचार करा.

उधारीचं पोतं सव्वा हात रितं, असं आपल्याकडे म्हणतात. तुमचं पोतं किती रितं आहे ते मोजून दाखवतो. डाळ क्विंटलला 11,000 रुपये धरा आणि सीसीचं व्याज 11 टक्के. एका क्विंटलच्या रकमेवर वर्षाचं व्याज 1210 रुपये होतं. 45 दिवसांचं 149, 60 दिवसांचं 199, आणि चार महिन्यांचं 398. व्यापारी जास्त देतो 150. म्हणजे पैसे 45 दिवसांत आले तर तुम्ही जेमतेम बरोबरीत, ठरल्याप्रमाणे 60 दिवसांनी आले तर क्विंटलमागे 49 रुपये तोटा, आणि त्या चार महिन्यांच्या बिलावर जवळजवळ 250 रुपये तोटा. तुमच्या बँकेचा खरा व्याजदर आणि डाळीचा खरा भाव घालून हाच हिशेब एकदा स्वतः करा. लातूरचा एखादा व्यापारी 100 रुपये कमी देऊन आठवड्यात पैसे टाकत असेल, तर तो तुमच्यासाठी जास्त भाव देणारा आहे.

कायदा इथे तुमच्या बाजूला उभा आहे, फक्त त्याला हाक मारावी लागते. तुमची मिल सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम पोर्टलवर नोंदलेली आहे का? नसेल तर उद्याच करा, नोंदणीला पैसे लागत नाहीत. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे अशा उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत आणि करार नसेल तर 15 दिवसांच्या आत द्यावे लागतात. त्यापुढे उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ, असं व्याज लागतं. म्हणजे साठ दिवसांची बोली मुळातच या कायद्यात बसत नाही. शिवाय 1 एप्रिल 2024 पासून आयकरात अशी तरतूद लागू आहे की खरेदीदाराने या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च त्याला प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी दाखवता येतो. मोठ्या व्यापाऱ्याच्या सीएला हे चांगलं माहीत असतं. नोंदणी माल पाठवायच्या आधीची असावी, आणि बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असावा. आधीच्या बिलांना हे कितपत लागू होईल ते तुमच्या सीएला विचारा, पण पुढच्या प्रत्येक गाडीला नक्की लागू होईल. जुनं बिल चुकतं होईपर्यंत नवी गाडी भरू नका. व्यापारी तुटेल ही भीती मला समजते. चार महिने पैसे न देणारा गेला, तर गेलेल्यापेक्षा राहिलेलं जास्त असेल.

आता पैसे आले की पहिले कुणाला? याबद्दल माझं मत पक्कं आहे: ज्याला थांबणं सगळ्यात जड जातं, तो पहिला. बँक थांबली तर व्याज लावते. व्यापारी थांबला तर फोन करतो. 37 सभासद थांबले तेव्हा काय झालं असेल, ते डोळ्यांसमोर आणा. एप्रिलमध्ये तुरीचे पैसे यायला हवे होते. आले नाहीत. जून लागला, पाऊस पडला, सोयाबीनचं बियाणं आणि खत घ्यायचं होतं. त्यांनी ते कृषी सेवा केंद्रातून उधारीवर घेतलं असणार, आणि ती उधारी रास झाल्या झाल्या फेडायची असते, भाव असो नसो. तुमच्याकडे थकलेले 9 लाख त्यांच्या शेतात व्याजासकट पेरले गेलेत.

ज्याच्या मालाचे पैसे दिले नाहीत, त्याला बोनसचं बोलू नका. आधी 37 जणांचे 9 लाख, सगळ्यात जुनी पट्टी (मालाची पावती) आधी, या क्रमाने. यादी लिहून लावा. मधे कुणाचं लग्न, दवाखाना निघाला तर क्रम मोडा, पण तो का मोडला तेही त्याच यादीत लिहा. आणि त्या 37 मध्ये संचालक किंवा संचालकांचे भाऊबंद असतील, तर त्यांचे पैसे शेवटी. तुमच्या घरचे असतील तर सगळ्यात शेवटी.

मजुरीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे मी स्वतः चुकलो आहे. उदगीरला आमची भावाभावांची डाळ मिल होती, 21 वर्षं चालवली. एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर राज्याच्या सीमेपलीकडच्या एका व्यापाऱ्याने पैसे अडकवले. मी हिशेब मांडला: अडत्याचे पैसे थकले तर बाजारात पत जाईल, बँकेचा हप्ता चुकला तर बोभाटा होईल, बायकांची आठवड्याची मजुरी मात्र आपल्या घरातली गोष्ट आहे, एक बाजार पुढे ढकलू. बाजाराच्या दिवशी दुपारी चाळणीवर काम करणारी एक बाई ऑफिसच्या दाराशी येऊन उभी राहिली. काखेत बाजाराची पिशवी, घडी घातलेली. ती काही बोलली नाही. मी म्हटलं, पुढच्या बाजारी दोन्ही आठवड्यांचे एकदम देतो. तिने मान हलवली, पिशवीची आणखी एक घडी घातली आणि गेली. आठवड्याचा बाजार चुकला म्हणजे त्या घरात तेल, मीठ, भाजी आठ दिवस दुकानदाराच्या वहीवर चढणार, हे मला माहीत होतं. माहीत असून मी ढकललं, कारण सगळ्यात कमी आवाज तिचा होता. त्यानंतर मिल बंद करेपर्यंत मजुरी बाजाराच्या आदल्या दिवशी गेली, मग मला व्याजाने पैसे उचलावे लागले तरी.

तेव्हा पोळ्याची वाट बघू नका. शिवाय तुम्ही पत्रात मजुरी त्या अकरा लाखांच्या वाटेकऱ्यांत धरली आहे, ते हिशेबालाही धरून नाही. मजुरी नफ्यातून देत नाहीत. मजुरी दिल्यावर जे उरतं, त्याला नफा म्हणतात. तीन वर्षं वाढ न देता जी शिल्लक दिसली, तिच्यात त्या तेरा जणांचा काही भाग आहे. 60 एकदम झेपत नसतील तर 40 या महिन्यापासून आणि 20 सोयाबीनच्या सुगीपासून, असं करा, पण तारखेसकट आणि लेखी. सरकारच्या किमान वेतनाच्या दराला तुम्ही पोहोचता का, तेही पडताळा. हमालांसाठी 1969 साली वेगळा कायदा करणारं आपलं राज्य आहे. तुमच्या चौघांना माथाडी मंडळाची नोंदणी लागू होते का, ते लातूरला जाऊन विचारून या. कुणी तक्रार केल्यावर विचारायला जाण्यापेक्षा आधी गेलेलं बरं.

बँकेचं थोडक्यात. साहेबांना जाऊन सांगा, की मी पूर्ण अकरा लाख ठेवते म्हटलं होतं, तेवढं जमणार नाही, एवढं जमेल. सोबत पुण्याच्या बिलांची यादी न्या. बहुतेक बँका 90 दिवसांपुढची उधारी उचल ठरवताना धरतच नाहीत, तेव्हा स्टॉक स्टेटमेंटमध्ये, म्हणजे बँकेला द्यायच्या माल-उधारीच्या तक्त्यात, ती जुनी बिलं वेगळी दाखवा. हप्ता थकून 90 दिवस झाले तर खातं एनपीएत, म्हणजे बुडीत-थकीत कर्जांत, जातं, आणि ते निस्तरायला मग वर्षं जातात. म्हणून हप्त्याच्या तारखेला हप्ता. एवढं केलंत तर मॅनेजरला तुमच्याकडून आणखी काही नको असतं. आणि माझं ऐकाल तर मर्यादा 60 लाख करण्याची घाई नको. पुणे वसूल झालं की 40 पुरतात का ते आधी बघा. कर्जाने उधारीचं भोक बुजवू नका.

आता बोनस. इथे तुम्हाला एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, रागावू नका. तो शब्द देण्याचा अधिकार तुमचा नव्हता. उत्पादक कंपन्यांची तरतूद 2002 साली कंपनी कायद्यात आली, तेव्हापासून ती अशी आहे: सभासदाला मालाचा मोबदला संचालक मंडळ ठरवेल तो, भांडवलावर मर्यादित परतावा, राखीव निधीची तरतूद, आणि त्यानंतर उरलेल्यातून सभासदाने कंपनीला जितका माल घातला त्या प्रमाणात बोनस. तो द्यायचा का, रोख द्यायचा की शेअरच्या रूपात की थोडा थोडा दोन्ही, हे सर्वसाधारण सभेत सभासद ठरवतात. आणि तिथे ज्याचे शंभर शेअर त्याचंही एकच मत, ज्याचा एक त्याचंही एकच.

ही तुमच्यासाठी केवढी मोठी सोय आहे बघा. जे ओझं तुम्ही एकट्या वाहताय, ते कायद्याने 412 जणांचं आहे. सभेपुढे जा आणि उभं राहून सांगा, "येळवशीला मी 200 म्हणाले. वही बंद होण्याआधी बोलले, ती माझी चूक झाली." मग सगळे आकडे वाचून दाखवा. पुण्याची उधारी, 37 जणांचे देणे, वाढलेली मजुरी, हप्ता. आणि मग तुमचा प्रस्ताव ठेवा. माझा विचाराल तर क्विंटलमागे 100 रुपये सुचवीन, 50 रोख आणि 50 शेअरच्या रूपात. रोख 2 लाख 10 हजार जातील, तेही 37 जणांचे पैसे पूर्ण दिल्यावर. शेअरचे 2 लाख 10 हजार भांडवलात राहतील आणि 6 लाख 80 हजार राखीव निधीत. बँकेलाही मग दाखवायला 8 लाख 90 हजार असतील.

कुणीतरी उठून म्हणेल, एवढे राखीव कशाला? त्याला तुरीचाच भाव आठवून द्या. 2024 मध्ये तूर दहा हजारांच्या पुढे गेलेली त्यानेही पाहिली आहे. 2025 च्या सुरुवातीला नवी तूर आली आणि भाव 7550 च्या हमीभावाच्याही खाली उतरला. म्यानमारहून, आफ्रिकेतून बिनशुल्क तूर येत होती, त्यावर औशात बसून आपला काय इलाज? महाग तूर गोदामात भरलेली असताना भाव पडला, तर तो खड्डा राखीव निधीतूनच भरायचा असतो. आणि 2016 चा एप्रिल लातूरकर विसरलेले नाहीत. मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. असं वर्ष पुन्हा आलं तर मिलमध्ये तूर नसेल, हप्ता आणि तेरा माणसं मात्र असतील.

सभेची नोटीस किमान 14 दिवस आधी जायला हवी आणि गणपूर्तीला एक चतुर्थांश सभासद लागतात. तुमच्या 412 चे 103 झाले. सह्या नंतर घरोघरी फिरून घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. तुम्ही ती करू नका. 103 माणसं खरोखर समोर बसलेली असतील, तरच तिथे घेतलेला निर्णय तुम्हाला पुढे वर्षभर राखेल. घरटी एक बाई यावी म्हणून निरोप द्या. तुरीचे पैसे कुठे जातात ते बायकांना जास्त माहीत असतं.

मंडपाचं लवकर आटपतं. कंपनीला देणगी देता येते, पण सभेत विशेष ठराव करून, उत्पादकांच्या किंवा लोकांच्या कल्याणासाठी, आणि सगळ्या देणग्या मिळून मागच्या वर्षीच्या निव्वळ नफ्याच्या 3 टक्क्यांपर्यंतच. 11 लाखांवर ते 33 हजार होतात. लाखाला वाव नाही, आणि मंडप त्यात बसतो की नाही हाही प्रश्न आहे. कमिटीला हा नियम सांगा आणि स्वतःच्या घरची वर्गणी वेगळी द्या. सप्ताहाच्या पंगतीसाठी डाळ हवी असेल तर तुम्ही संचालकांनी आपापल्या खिशातून घेऊन द्या, कंपनीच्या गोदामातून नको.

राहिले तुमचे चुलत सासरे. मला वाटतं, झोप उडवणारं खरं प्रकरण हेच आहे, म्हणून ते पत्रात शेवटी आलं.

आधी एक सांगतो. सुगीत माल अडतीवर जातो, तो फक्त सासऱ्यांमुळे जातो असं धरू नका. अडत्या रोख देतो आणि तुमच्याकडे एप्रिलचे पैसे ऑगस्टमध्येही मिळत नाहीत. दारात ट्रॅक्टर उभा असलेला शेतकरी याहून वेगळं काय करेल? 37 जणांचे पैसे दिलेत की त्या दुकानाकडे जाणारी निम्मी वाट आपोआप बंद होईल.

उरलेला भाग मात्र बोलावाच लागेल. कंपनीच्या धंद्याशी ज्याचा हितसंबंध आडवा जातो, त्याला उत्पादक कंपनीचं सभासद होता येत नाही आणि नंतर तसा हितसंबंध आला तर सभासदत्व जातं, असं कायदा सांगतो. दुकान मुलाच्या नावावर आहे, त्यामुळे हे त्यांना कितपत लागू होतं ते जाणकाराला दाखवा. पण सासरे कायद्याच्या कचाट्यात सापडतात का, तिथून सुरुवात करू नका. दराच्या बैठकीपासून करा. आपली कंपनी उद्या तुरीला काय भाव देणार, हे ज्या खोलीत ठरतं, तिथे लातूरच्या अडतीचा कर्ताधर्ता बसलेला असू नये. तळं राखील तो पाणी चाखील, असं म्हणून आपण असल्या गोष्टी फार सहज सोडून देतो. तळं 412 जणांचं आहे.

बैठकीत विषय काढू नका. चारचौघांत सुनेने बोललेलं त्यांना आयुष्यभर खुपेल आणि तुम्हालाही. त्यांच्या घरी जा, सकाळी, चहाच्या वेळेला. नवऱ्याला बरोबर न्यायचं तर न्या, पण बोला तुम्ही. अध्यक्ष तुम्ही आहात. चुलत सासूबाई तिथे असू द्या, आत पाठवू नका. सरळ म्हणा, "मामा, तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण लोक माझ्या तोंडावर विचारतात की दर कोण ठरवतं. तर दराचा विषय निघाला की तुम्ही बाहेर बसायचं आणि तशी नोंद इतिवृत्तात करायची, एवढं माझं ऐका. म्हणजे तुमच्यावरही बोट येणार नाही आणि माझ्यावरही." मग थांबा. ते चिडले तर चिडू द्या, उत्तर देऊ नका, चहा पिऊन या. पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर तो विषय सगळ्यांसाठी लिहा: ज्या संचालकाचा किंवा घरच्यांचा भुसार मालाचा धंदा आहे, त्याने तसं लेखी कळवायचं आणि दराच्या वेळी बाहेर बसायचं. एकट्या सासऱ्यांसाठी नियम केल्यासारखा दिसू नये.

आणि त्याच चहाच्या वेळी दुसरी एक गोष्ट त्यांच्याकडे मागा. अडतीवर आयुष्य गेलेल्या माणसाला उगराणी, म्हणजे थकलेली उधारी वसूल करणं, येते. कोणत्या व्यापाऱ्याला कधी फोन करायचा, कधी दारात जाऊन बसायचं, किती वेळ गप्प राहायचं, हे तुमच्या सीईओला कॉलेजात कुणी शिकवलेलं नाही. "मामा, पुण्याचे 19 लाख तुम्ही आणून द्या," असं म्हणा. मंडळाचा ठराव करून, कंपनीच्या लेटरहेडवर पत्र देऊन, सोबत एक तरुण संचालक देऊन त्यांना पाठवा. त्यांना दराच्या खोलीतून उठवताना त्यांच्या हाताला त्यांच्या मानाचं काम दिलेलं असेल. मला वाटतं ते जातील, आणि पैसे घेऊन येतील.

शेवटचं एक काम, खर्च दोनशे-तीनशे रुपये. काट्याजवळ, जिथे शेतकरी, हमाल, बँकेचा फील्ड ऑफिसर सगळेच उभे राहतात, तिथे एक फळा लावा. वरच्या ओळीत आजचा लातूर बाजाराचा दर आणि शेजारी आपला दर. त्याखाली ओलावा किती टक्क्यांपर्यंत चालतो आणि त्यापुढे किती कटतं. मॉइश्चर मीटरचा आकडा शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर वाचायचा, तोही पट्टीवर लिहायचा. खालच्या निम्म्या फळ्यावर मजुरी वाटायची तारीख, हप्त्याची तारीख, आणि सभासदांचं देणं किती राहिलं ती रक्कम, दर सोमवारी पुसून नव्याने लिहायची. पहिल्या सोमवारी "37 सभासद, 9 लाख रुपये देणे" हे तुम्ही स्वतःच्या हाताने लिहा. लिहिताना अवघड वाटेल. चार दिवस लोक फळ्यासमोर उभं राहून बोलतील, तुम्ही आतून ऐकाल. पण रस्त्यात अडवून विचारणारे कमी होतील, कारण जे विचारायचं ते तिथे लिहिलेलं असेल.

सभा झाली की दोन ओळी लिहा. मामा पुण्याला गेले का, तेही कळवा.

तुमचा,
दादा